कण्हण्याचे इंग्रजी

१७७४ साली कलकत्त्यात सुप्रीम कोर्टाची स्थापना झाली, आणि ज्या शहराला तोवर इंग्रजीची गरज कंपनीच्या गुदामापुरती व जहाजांच्या धक्क्यापुरतीच भासत होती, त्या शहरात आता फिर्याद गुदरावयाची तर इंग्रजीतून, जबाब द्यावयाचा तर इंग्रजीतून, आणि शिक्षा ऐकावयाची तर तीही इंग्रजीतूनच, अशी अवस्था उत्पन्न झाली. पुढच्याच वर्षी महाराजा नंदकुमार यांच्यावर बनावट दस्तऐवजाचा खटला उभा राहिला. न्यायाधीश इंग्रज, पंच इंग्रज, वकील इंग्रज. आरोपी आणि त्यांचे साक्षीदार मात्र बंगाली, फारसी, हिंदुस्थानी बोलणारे, आणि दोहोंच्या मध्ये एक दुभाषी. ज्या भाषेत आपल्या जीविताचा निकाल लागत आहे तिच्यातील एक अक्षरही न समजता नंदकुमार ५ ऑगस्ट १७७५ रोजी फासावर चढले. बंगाली भद्रलोकांनी त्या प्रसंगावरून जे अनेक धडे घेतले त्यांत एक व्यावहारिक धडा असा होता की, या नव्या राज्यकर्त्यांपुढे आपले दुःख मांडावयाचे तर ते त्यांच्याच शब्दांत मांडता आले पाहिजे. इंग्रजी विद्येचा कलकत्त्यातील इतिहास सांगणारे जुने लेखक या विद्येचा उगम सुप्रीम कोर्टापाशी दाखवितात, ते मला यथार्थ वाटते.

पण शिकावयास निघालेल्या या मंडळींच्या हाती प्रथम जे पडले ते दुःखाचे शब्द नव्हते. १७९३ साली अपजॉन याने क्रॉनिकल छापखान्यातून इंग्रजी-बंगाली शब्दांचा एक संग्रह काढला. १७९७ साली मिलरचे ‘शिक्षागुरु’ निघाले. फॉर्स्टरचा मोठा कोश १७९९ व १८०२ अशा दोन खंडांत बाहेर पडला. ज्यांना ही पुस्तके परवडत नसत ते डाइसच्या स्पेलिंग-बुकावर निर्वाह करीत, आणि ज्याने ‘अरेबियन नाइट्स’ इंग्रजीतून वाचले तो तर महापंडितच गणला जाई. राजनारायण बसू यांनी ‘से काल आर ए काल’ या आपल्या १८७४ च्या पुस्तकात त्या काळच्या शिक्षणाचे जे चित्र रेखाटले आहे ते वाचताना मौज वाटते. आपल्याकडे पंतोजीच्या शाळेत पावकी-निमकी जशी एका सुरात घोकीत, तसेच तेथे इंग्रजी शब्द आणि त्यांचे बंगाली अर्थ पद्यात गुंफून मुले हेल काढून म्हणत असत. अशा एका प्रसिद्ध पद्यात तत्त्ववेत्ता आणि नांगरधारी शेतकरी शेजारी शेजारी बसले आहेत आणि त्यांच्या मागोमाग भोपळा व काकडी आली आहेत. एखाद्याची इंग्रजी किती पक्की हे त्याला किती शब्द मुखोद्गत आहेत यावर ठरे. त्या शब्दांचे वाक्य करता येते की नाही हा प्रश्न कोणी विचारीत नसे. हे सर्व शब्द म्हणजे बहुधा नामे होती, आणि तीही अशी की, ज्यांची किंमत ठरविता येते किंवा ज्यांच्याकडे बोट दाखविता येते. क्रियापदे थोडी, आणि जी थोडी होती ती येणेजाणे, घेणेदेणे, ओढणेपळणे अशी अंगमेहनतीची.

या सामग्रीवर साहेबांच्या पदरी असलेल्या सरकारांना — बंगालमध्ये हिशेबनिसाला आणि घरच्या कारभाऱ्याला ‘सरकार’ म्हणत — आपला संसार चालवावयाचा होता. त्यांच्या इंग्रजीच्या हकिकती राजनारायणबाबूंनी आणि पुढे शिवनाथ शास्त्री यांनी रामतनू लाहिडींच्या चरित्रग्रंथात मोठ्या चवीने सांगितल्या आहेत. रथयात्रेच्या सुट्टीचे कारण साहेबाने विचारले तेव्हा एका सरकाराने रथ म्हणजे लाकडी चर्च, त्यात परमेश्वर बसलेला, लांबच लांब दोर, हजार माणसे ओढतात, अशा सुट्या सुट्या शब्दांनी जगन्नाथाचा सारा सोहळा उभा केला. आणि माझ्या मते तो चांगलाच उभा केला. दुसरी हकिकत अधिक बोलकी आहे. धनी तारूही शकतो आणि मारूही शकतो, एवढेच एका गरीब नोकराला साहेबाच्या पायाशी निवेदन करावयाचे होते. परंतु त्याच्या गाठी तारण्यामारण्याचे शब्द नव्हते, जगण्यामरण्याचे होते. त्यामुळे वाक्य असे बाहेर पडले की धनी जगू शकतो आणि धनी मरू शकतो. साहेब खवळला. तेव्हा त्या बिचाऱ्याने घाईघाईने खुलासा केला की, धनी मेले तर मीही मरेन, माझी गाय मरेल, माझा काळा दगड — म्हणजे देव्हाऱ्यातला शाळिग्राम — मरेल, माझ्या चौदा पिढ्या मरतील. ही गोष्ट दोनशे वर्षे विनोद म्हणून सांगितली जात आहे. परंतु जरा थांबून पाहिले तर त्या माणसाने आपले पोट, आपले गोधन, आपला कुलधर्म आणि आपले पितर या चारही गोष्टी चार वाक्यांत साहेबापुढे ठेवल्या होत्या; नोकरी गेल्यास काय काय बुडते याची याहून पूर्ण कैफियत व्याकरणशुद्ध इंग्रजीत मला तरी कोठे आढळलेली नाही.

पलीकडच्या बाजूची स्थिती याच्या नेमकी उलट होती. साहेबाला देशी भाषा शिकावयाची ती प्रथम आज्ञार्थातून. जॉन गिलख्रिस्ट हा पेशाने शल्यवैद्य; पुढे तो हिंदुस्थानीचा कोशकार आणि १८०० मध्ये स्थापन झालेल्या फोर्ट विल्यम कॉलेजातला अध्यापक झाला. त्याच्यासारख्यांच्या पुस्तकांवर नव्या मुलकी अंमलदारांची जी पिढी वाढली तिला पाणी आण, दिवा लाव, घोडा धर, हे उत्तम बोलता येई. आणलेल्या पाण्याबरोबर नोकर दाराआड काय पुटपुटला, ते मात्र तिच्या अभ्यासक्रमात नव्हते.

या विधानाला एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तो आम्हा मराठी माणसांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. हुगळीकाठच्या श्रीरामपूरचा मिशनरी विल्यम केरी हा मूळचा चांभार, जोडे शिवता शिवता भाषा शिकलेला. १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकविण्यास तो रुजू झाला आणि त्याच वर्षी त्याने ‘कथोपकथन’ हे संवादांचे पुस्तक छापले. एका पानावर बंगाली, समोरच्या पानावर इंग्रजी. त्यात साहेब आणि खानसामा आहेतच. परंतु त्यांच्याशिवाय मजुरांचे बोलणे आहे, सावकार आणि कूळ यांची घासाघीस आहे, भिकाऱ्याची विनवणी आहे, आणि गावातल्या बायकांचे एक कडाक्याचे भांडणही आहे. उच्चवर्णीय पंडितांना ही भाषा ग्राम्य वाटली असेल. पण बंगालच्या सामान्य माणसाची कुरकुर छापील अक्षरांत आणि इंग्रजी प्रतिशब्दांसह प्रथम उतरली ती येथे. याच केरीने वैद्यनाथ या मराठी पंडिताच्या साह्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण श्रीरामपुरास छापले, त्याच्या शेवटी तसेच नेहमीच्या व्यवहारातले संवाद जोडले, आणि १८१० साली मोडी अक्षरांत मराठीचा कोश सिद्ध केला. मोल्सवर्थचा कोश मुंबईत निघावयास अजून एकवीस वर्षे होती. कण्हणे, कुंथणे, विव्हळणे, कुरकुरणे, धुसफुसणे असा जो आपला प्रपंच आहे तो परक्याला समजावून देण्याचे काम पुण्यामुंबईच्या आधी हुगळीच्या काठी सुरू झाले, हे पाहिले म्हणजे बर्ग्यांच्या, म्हणजे मराठी स्वारांच्या, भयाने १७४२ साली मराठा खंदक खणणाऱ्या शहराने साठ वर्षांत आपल्याशी केवढा निराळा संबंध जोडला होता याची कल्पना येते.

परंतु कॉलेजाच्या बाहेर, रस्त्यावर, साहेबाच्या कानी देशी माणसाचा जो आवाज सर्वांत जास्त पडत असे तो पालखीवाल्यांचा. पालखी उचलताना आणि चाल धरताना भोई जे हुंकार देतात, ते एकमेकांची पावले जुळविण्यासाठी आणि पुढचा खड्डा, पाणी, वळण यांची मागच्याला वर्दी देण्यासाठी असतात. जे ओझे वाहतात त्या सर्वांच्या कामात अशी लय असते. नुकताच जहाजातून उतरलेला इंग्रज मात्र हा आवाज ऐकून हबकत असे. ही माणसे वेदनेने विव्हळत आहेत आणि त्या वेदनेचे कारण आपले वजन आहे, अशा समजुतीने आरंभी आरंभी त्याला अपराधी वाटे. पंधरवड्याने त्याला ते ऐकूही येईनासे होई. म्हणजे जेथे कण्हणे नव्हते तेथे त्याने कण्हणे ऐकले. आणि पुढे जेव्हा खरी तक्रार आली तेव्हा ती त्याला आकस्मिक वाटली. १८२७ च्या मे महिन्यात पोलिसांनी नियम काढला की प्रत्येक पालखीवाल्याने आपले नाव नोंदवावे, परवाना घ्यावा, नंबराचा बिल्ला बांधावा आणि ठरवून दिलेल्या दरानेच भाडे घ्यावे. भोयांत बहुसंख्य उडिया. बिल्ला बांधणे हे त्यांना जातीला बट्टा लावण्यासारखे वाटले आणि ठरविलेला दर पोटाला पुरणारा नव्हता. त्यांनी पालख्या खाली ठेवल्या. मैदानावर सभा भरल्या, लालबाजारच्या पोलीस कचेरीवर जमाव गेले, आणि कित्येक आठवडे कलकत्त्याच्या साहेबांना एक तर घरी बसावे लागले किंवा ज्येष्ठाच्या उन्हात चालावे लागले. याच संपाच्या अडचणीत ब्राउनलो नावाच्या एका गृहस्थाने आपल्या पालखीचे दांडे काढून तिला चाके लावली, पुढे घोडा जुंपला, आणि तीच पुढे ‘ब्राउनबेरी’ गाडी म्हणून रूढ झाली, असे सांगतात. वरच्या प्रांतांतून दुसरे भोई आले, उडिया भोयांची मक्तेदारी मोडली. त्यांच्या बाजूने इंग्रजीत एक अर्ज लिहील असा माणूस त्यांच्यात नव्हता, आणि ज्यांना लिहिता येत होते ते बाबू स्वतः पालखीत बसणारे होते.

त्याच सुमारास एका विशिष्ट पालखीमागे मात्र इंग्रजी धावत होती. डेव्हिड हेअर हा घड्याळांचा व्यापारी. धंदा सोडून त्याने मुलांच्या शिक्षणाला वाहून घेतले होते. १८१७ च्या जानेवारीत गराणहाट्यात हिंदू कॉलेज उघडले, त्याच वर्षी स्कूल बुक सोसायटी निघाली, आणि या दोहोंच्या पाठीशी हेअर होता. त्याच्या शाळेत फुकट जागा मिळावी म्हणून गरीब घरची मुले त्याची पालखी रस्त्यात दिसली की दोन्ही बाजूंनी धावत सुटत आणि आपण गरीब आहोत, दया करा, शाळेत घ्या, एवढे तीन मुद्दे मोडक्या इंग्रजीत ओरडत जात. रामतनू लाहिडी हा पुढे बंगालच्या समाजसुधारणेचा एक स्तंभ ठरलेला पुरुष. बारातेरा वर्षांचा असताना तोही असाच कित्येक आठवडे पालखीमागे धावला. भोपळाकाकडीची इंग्रजी आणि ही इंग्रजी यांत गुणाचा फरक आहे. येथे प्रथमच मुलांनी शब्द पाठ केले ते वस्तूंचे नव्हेत, स्वतःच्या अवस्थेचे. आणि ते प्रथमच फळाला आले. विनवणी उपयोगी पडते हे एकदा पटल्यावर विनवणीचे व्याकरण शिकण्यास उशीर लागत नाही. मेकॉलेने १८३५ च्या आपल्या त्या कुप्रसिद्ध टिपणात संस्कृत-अरबी पुस्तके धूळ खात पडली असताना स्कूल बुक सोसायटी वर्षाला सातआठ हजार इंग्रजी पुस्तके शेकडा वीस नफ्याने विकते असा दाखला दिला आहे. त्याचा निष्कर्ष आपण मान्य करू नये, पण तो खप मात्र या धावणाऱ्या मुलांचा होता हे ध्यानात घ्यावे.

हिंदू कॉलेजात मग जी इंग्रजी आली ती मात्र काव्यातून आली. डेरोझिओ १८२६ पासून पाच वर्षे तेथे शिकवीत होता. त्याच्यामागून आलेला कॅप्टन रिचर्डसन स्वतः कवी आणि शेक्सपिअर वाचून दाखविण्यात निष्णात. काशीप्रसाद घोष याचा इंग्रजी कवितांचा संग्रह १८३० मध्येच प्रसिद्ध झाला होता. १८३४ साली रामकमल सेन यांनी जॉन्सनच्या कोशाच्या आधारे सुमारे अठ्ठावन्न हजार शब्दांचा इंग्रजी-बंगाली कोश दोन खंडांत पुरा केला. हा मनुष्य छापखान्यात दरमहा आठ रुपयांवर अक्षरे जुळविण्यापासून बँक ऑफ बेंगॉलच्या दिवाणगिरीपर्यंत चढला होता, आणि त्याच्या कोशाच्या आरंभीच्या काळात केरीचा मुलगा फेलिक्स त्याचा भागीदार होता. तेव्हा ‘ग्रोन’ आणि ‘मोन’, ‘साय’ आणि ‘ग्रम्बल’ या क्रियापदांतला भेद आता बंगाली तरुणाला कोशातून उमगू शकत होता. परंतु तो ती वापरू लागला कशासाठी? बायरनच्या आणि मूरच्या अनुकरणाने अमूर्त विरहासाठी आणि भग्न प्रासादांसाठी. मधुसूदन दत्त याने विद्यार्थिदशेत, १८४१ साली, जी इंग्रजी कविता लिहिली तिच्यात तो ज्या भूमीसाठी उसासे टाकतो ती भूमी यशोहर जिल्ह्यातले त्याचे सागरदाडी गाव नसून त्याने डोळ्यांनी न पाहिलेले इंग्लंड आहे. सतरा वर्षांच्या मुलाला यासाठी दोष देण्याचे कारण नाही. परक्या भाषेत उसासा शिकला की तो प्रथम परक्याच गोष्टीसाठी बाहेर पडतो.

अंगाच्या दुखण्याचे काय? तेथे तर इंग्रजीचा शिरकावच होऊ शकला नाही असे मला दिसते. १८२५ मध्ये पीटर ब्रेटन या डॉक्टराने कलकत्त्यात शरीराच्या अवयवांचा आणि वैद्यकातील संज्ञांचा इंग्रजी, अरबी, फारसी, हिंदी व संस्कृत असा पंचभाषी कोश केला. १८३५ मध्ये मेडिकल कॉलेज निघाले आणि पुढच्या वर्षी पंडित मधुसूदन गुप्त यांनी प्रेताचे विच्छेदन करून इतिहास घडविला. अवयवांची नावे, रोगांची नावे, औषधांची नावे, सर्व इंग्रजीत गेली. पण खाटेवरचा रोगी जे सांगत होता ते जाईना. बंगाली माणसाचे दात ‘कनकन’ करतात, गळू ‘टनटन’ करते, कपाळाची शीर ‘दपदप’ करते. तो दुखण्याने ‘कातरतो’, ‘कोंकातो’, शुद्धीत नसताना ‘गोंगातो’. आपल्याकडेही गळू ठसठसते, हाड ठणकते, जखम चुणचुणते, डोळे भगभगतात, आणि ज्याला ठसठस व ठणका यांत फरक कळत नाही त्या वैद्याकडे शहाणा मनुष्य पुन्हा जात नाही. इंग्रजीत शिकलेला नवा डॉक्टर हे सर्व एका ‘पेन’ शब्दाखाली आपल्या वहीत उतरून घेई. या शब्दांकडे गांभीर्याने पाहिले ते रवींद्रनाथांनी. १९०९ च्या ‘शब्दतत्त्व’ या पुस्तकात ध्वन्यात्मक शब्दांवर त्यांचा जो निबंध आहे त्यात त्यांनी दाखवून दिले की, बंगाली भाषा ज्यांना मुळी आवाजच नाही अशा संवेदनाही आवाजाच्या रूपाने बोलून दाखविते. रामेंद्रसुंदर त्रिवेदी हे तर विज्ञानाचे अध्यापक. त्यांनी बंगीय साहित्य परिषदेच्या वर्तुळात हाच विषय पुढे नेऊन कोणता वर्ण कोणत्या जातीच्या जाणिवेकडे झुकतो याची छाननी केली. शंभर वर्षे इंग्रजी घोकल्यानंतर कलकत्त्याच्या दोन श्रेष्ठ बुद्धिमंतांनी दाताच्या कळेचे बंगाली क्रियाविशेषण अभ्यासावयास घ्यावे, यात मला एक प्रकारचा न्याय दिसतो.

सरकारदरबारची तक्रार ही मात्र अगदी निराळी विद्या होऊन बसली. १८३७ पर्यंत कचेऱ्यांची भाषा फारसी होती, आणि ‘गरीबपरवर सलामत’ या मायन्याने सुरू होणारी अर्जी लिहून देणारे मुनशी गावोगाव होते. फारसी गेली तरी अर्जीचा आत्मा गेला नाही. तो इंग्रजी अर्जात शिरला. इंग्रज कायद्याच्या अर्जातही अर्जदार नम्र असतो आणि शेवटी हुजुरांसाठी सदैव प्रार्थना करण्याचे वचन देतो, तेव्हा दोन्ही परंपरांचा संगम मोठ्या सुखाने झाला. १८४४ मध्ये गव्हर्नर जनरल हार्डिंजने सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना अग्रक्रम देण्याचे ठरविल्यावर तर कोर्टाच्या व्हरांड्यात पेटी मांडून बसणारा अर्जनवीस हा कलकत्त्याच्या रस्त्याचा एक कायमचा रहिवासी झाला. त्याच्या लेखणीतून विधवेची भाकरी, बडतर्फ जमादाराची बाकी, भावाभावांची भिंत, सर्व एकाच सुरात बाहेर पडे. स्वतःच्या लेखणीने आणि स्वतःच्या बुद्धीने इंग्रजीत गाऱ्हाणे मांडणारे त्या आधी विरळाच. राममोहन रॉय यांनी प्रौढ वयात इंग्रजी शिकून १८२३ मध्ये वृत्तपत्रांवरील निर्बंधाविरुद्ध सुप्रीम कोर्टाकडे अर्ज केला व त्याच वर्षी संस्कृत कॉलेजाच्या योजनेविरुद्ध लॉर्ड अ‍ॅम्हर्स्टला पत्र लिहिले. अर्ज फेटाळला गेला, पत्राचा उपयोग झाला नाही. पण या दोन्ही लेखांत याचना नाही, युक्तिवाद आहे, आणि त्यामुळे ते अर्जनवीसाच्या पेटीत कधीच मावले नसते.

या दोन प्रवाहांची, म्हणजे काव्यात शिकलेल्या उसाशाची आणि रयतेच्या खऱ्या गाऱ्हाण्याची, गाठ पडली ती नीळवाल्यांच्या प्रकरणात. नदिया आणि यशोहर जिल्ह्यांतले निळीचे मळेवाले कुणब्याला थोडेसे ‘दादन’, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन त्याच्याकडून निळीच्या लागवडीचा करार लिहून घेत. तो करार बापाकडून मुलाकडे उतरे आणि बाकी कधीच फिटत नसे. भाताची उत्तम जमीन निळीखाली जाई. नकार देणाऱ्याला कोठीत कोंडून मारहाण होई. १८५९-६० मध्ये रयतेने नीळ पेरण्याचे साफ नाकारले. सरकारने १८६० मध्ये कमिशन नेमले. त्यापुढे १३४ साक्षी झाल्या, त्यांपैकी ७७ रयतेच्या. बंगाली खेडुताचे बोलणे इंग्रजी सरकारी कागदात इतक्या विस्ताराने पूर्वी कधी उतरले नव्हते. त्याच वर्षी दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ नाटक ढाक्यास निनावी प्रसिद्ध झाले, आणि त्यातला आक्रोश इंग्रजीत आला तो पाद्री जेम्स लाँग यांच्या पुढाकाराने. भाषांतरकाराच्या जागी ‘एक देशी गृहस्थ’ एवढेच छापलेले होते. परंपरा मधुसूदन दत्ताकडे बोट दाखविते. विद्वानांत यावर मतभेद आहेत. पण मधुसूदन त्या काळी कलकत्त्याच्या पोलीस कोर्टात दुभाषा होता, हे लक्षात घेतले की परंपरेला बळ येते. वीस वर्षांपूर्वी इंग्लंडसाठी उसासे टाकणारा तोच माणूस आता दिवसभर पिंजऱ्यातल्या गरिबांचे गाऱ्हाणे न्यायाधीशांसाठी इंग्रजीत करीत होता. त्याने रात्री नीळ पेरणाऱ्यांचे गाऱ्हाणेही केले असेल तर त्यात नवल कसले?

बंगालीत असेतोवर हे नाटक कोणा मळेवाल्याला टोचले नव्हते. इंग्रजीत येताच ती अब्रूनुकसानी ठरली. जुलै १८६१ मध्ये लाँगसाहेबांवर सुप्रीम कोर्टात खटला चालला. न्यायमूर्ती वेल्स यांनी त्यांना एक महिना कैद आणि हजार रुपये दंड ठोठावला, आणि महाभारताचे बंगालीत भाषांतर करविणारे तरुण जमीनदार कालीप्रसन्न सिंह यांनी तो दंड तेथल्या तेथे भरला. नंदकुमारांना ज्या कोर्टाने ऐकून घेतले नव्हते त्याच कोर्टाला आता ऐकू येत होते. फक्त ऐकविणे हाच अपराध ठरला होता.

सतरा वर्षांनी पारडे दुसऱ्या टोकाला गेले. १४ मार्च १८७८ रोजी व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतील वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला. कायदा केवळ देशी भाषांना लागू, इंग्रजीला नाही. शिशिरकुमार घोष यांनी तरुणपणी यशोहराहून नीळ-प्रकरणाच्या बातम्या हरिश्चंद्र मुखर्जींच्या ‘हिंदू पेट्रियट’कडे धाडल्या होत्या, तेव्हा सरकारला काय ऐकू येते आणि काय बोचते याचा त्यांना अनुभव होता. त्यांची ‘अमृत बाजार पत्रिका’ तोवर बंगाली आणि इंग्रजी अशी द्विभाषी निघे. कायद्यानंतरचा, २१ मार्चचा अंक संपूर्ण इंग्रजीत निघाला. ज्या भाषेत पूर्वी फिर्याद करणे अशक्य, त्या भाषेतच आता फिर्याद करणे निर्धोक! तीन वर्षांनी पुण्यास चिपळूणकर, टिळक, आगरकर यांनी ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत अशी जोडी काढली, ती याच युगातली. टिळकांवरच्या १८९७ च्या खटल्यासाठी घोषबंधूंनी कलकत्त्यात निधी जमविला, तेथून बॅरिस्टर धाडले. आणि १९०८ च्या खटल्यात टिळकांनी स्वतः उभे राहून केलेल्या भाषणाचा केवढा तरी भाग सरकारी भाषांतरकाराने मराठी शब्दांची इंग्रजीत काय दशा केली हे दाखविण्यात गेला.

इकडे बंगाल सरकारने आपल्यापुरती व्यवस्था आधीच लावून घेतली होती. देशी पत्रे काय म्हणतात याचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्यास छापून वरिष्ठांकडे जात असे. त्यासाठी पगारी भाषांतरकार होता, कारकून होते. कोठे कालव्याचे पाणी आले नाही, कोठे दारोग्याने लाच घेतली, कोठे आगगाडीच्या तिसऱ्या वर्गात गुरांसारखे कोंबले, असे सर्व त्यात निगुतीने नोंदलेले असे. जी इंग्रजी शिकण्यासाठी मुले पालखीमागे धावली होती, ती इंग्रजी आता सरकारच पदरमोड करून रयतेच्या कुरकुरीला पुरवीत होते, मात्र गोपनीय.

याच गोषवाऱ्यांच्या काळात कलकत्त्यात एक मराठी माणूस बंगालीतून लिहीत होता. सखाराम गणेश देऊस्कर यांचे घराणे मूळचे कोकणातले. त्यांचा जन्म १८६९ चा, देवघर परिसरातला. ‘हितवादी’च्या संपादनात त्यांनी उमेदीची वर्षे घालविली, आणि १९०४ साली ‘देशेर कथा’ हे पुस्तक लिहिले. दादाभाई नौरोजी, विल्यम डिग्बी, रमेशचंद्र दत्त यांनी इंग्रजीत, इंग्रज सरकारच्याच आकड्यांवरून, देशाच्या दारिद्र्याचे जे गाऱ्हाणे मांडले होते ते देऊस्करांनी सरळ बंगालीत आणले. कोष्ट्याच्या मागाचे काय झाले, शेतसारा किती, दुष्काळ किती, परदेशी जाणारा पैसा किती, हे आता ज्याला इंग्रजीचे ओ की ठो कळत नाही त्या किराणा दुकानदारालाही वाचता येऊ लागले. वंगभंगाच्या चळवळीत पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर यांनी ते हिंदीत नेले. सुरत काँग्रेसनंतर टिळकांविरुद्ध लिहावयास सांगितले तेव्हा देऊस्करांनी ‘हितवादी’ सोडले आणि टिळकांच्या खटल्यावर बंगालीत निराळे पुस्तक लिहिले. १९१० साली सरकारने ही दोन्ही पुस्तके जप्त केली. डिग्बीचे, दादाभाईंचे आणि दत्तांचे इंग्रजी ग्रंथ मात्र कलकत्त्याच्या दुकानांत पूर्वीप्रमाणेच विकत मिळत होते.